बाग कोणाच्या नावावर?

मागच्या महिन्यात एका रविवारी आमच्या पनवेलच्या कार्यालयात महाड तालुक्यातले एक जोडपे आले. दोघेही शिकलेले, दोघेही नोकरीला, आणि दोघांच्याही सात पिढ्यांत घर विकत घेणारे हेच पहिले. हातात बिल्डरचे गुळगुळीत माहितीपत्रक. त्याच्या पहिल्या पानावर घर नव्हतेच, बाग होती. हिरवळ, कारंजे, झोपाळ्यावर हसणारी गोरीगोमटी मुले. "दादा, बाग अगदी समोर आहे, म्हणून चौरस फुटामागे जास्त मागतायत. पण पोरीला खेळायला जागा पाहिजेच ना," ती भगिनी म्हणाली. आम्ही पत्रक बाजूला ठेवले आणि मंजूर नकाशा मागितला. तो त्यांच्याकडे नव्हता. बिल्डरने दिला नव्हता आणि त्यांनी मागितला नव्हता.

महारेराच्या संकेतस्थळावरून आम्ही तो काढला. बाग बिल्डरच्या जमिनीत नव्हतीच. शेजारच्या तुकड्यावर विकास आराखड्यात 'उद्यान' असे आरक्षण पडलेले, जमीन खासगी मालकाची, ताबा कोणी घेतलेला नाही. पत्रकात कारंजे होते त्या ठिकाणी प्रत्यक्षात गवत आणि डेब्रिजचे ढीग. म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर, तिसऱ्याने करायच्या बागेचे पैसे हा बिल्डर आगाऊ वसूल करीत होता!

आमचे वाचक विचारतील, चळवळीच्या दैनिकात बागेची चर्चा कशाला? अत्याचार संपले का, शिष्यवृत्त्या वेळेवर मिळू लागल्या का? नाही. पण आमच्याच समाजातली पहिली शिकलेली पिढी आज वीस-वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन रायगडच्या या किनारपट्टीवर घर शोधते आहे. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल धावली, 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तेव्हापासून उलवे-द्रोणागिरीपासून अलिबागपर्यंत जो फलक बघाल त्यावर हिरवाई विकायला काढलेली दिसते. आणि जिथे विक्री आहे तिथे कोणाला किती आणि कोणाला नाही, हा प्रश्न आमचाच आहे.

आधी कायद्याचे बोलू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 याचे कलम 127 प्रत्येक घर घेणाऱ्याने समजून घेतले पाहिजे. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जमीन संपादन केली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर 24 महिन्यांत (ही मुदत पूर्वी 6 महिने होती, पुढे 12 झाली, 2015 च्या दुरुस्तीने 24) प्राधिकरणाने पावले उचलली नाहीत, तर आरक्षण गळून पडते. मग त्या जागी बाग नव्हे, दुसरा टॉवर उभा राहतो आणि तुमच्या खिडकीतून त्याच्या संडासाचे पाइप दिसतात. आरक्षण म्हणजे बाग नव्हे. आरक्षण म्हणजे कागदावरचे वचन, आणि कागदावरच्या आरक्षणाचे पुढे काय होते हे आमच्या समाजाला नव्याने सांगायला नको.

दुसरी बाग असते ती प्रकल्पाच्या आतली, ज्याला सगळे 'आर.जी.' म्हणतात. राज्याच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडात 10 टक्के मोकळी जागा ठेवावीच लागते. बिल्डर ती पार्किंगच्या छतावर, कुंड्यांत लॉन लावून दाखवतात. मुंबईच्या नियमावलीबाबत डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात सांगून टाकले की किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची मोजायची नाही. कारण साधे आहे, स्लॅबवर वडाचे झाड वाढत नाही. रेरा कायद्यात, म्हणजे 2016 च्या स्थावर संपदा अधिनियमात, बागा आणि खेळाच्या जागा या सामाईक क्षेत्रात मोडतात. दोन-तृतीयांश घरधारकांच्या लेखी संमतीशिवाय मंजूर नकाशा व सामाईक जागा बदलता येत नाहीत, आणि त्या संस्थेच्या नावे करून द्याव्या लागतात. जाहिरातीत खोटे दाखवले तर कलम 12 खाली भरपाई मागता येते. मात्र त्यासाठी पत्रक जपून ठेवावे लागते. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पोरांना चित्रे कापायला दिलेले असते!

'बाग कोणाची' हा प्रश्न सार्वजनिक जागेचा आहे, आणि सार्वजनिक जागेचा या देशातला सर्वात मोठा लढा याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात झाला. 20 मार्च 1927 चा इतिहास आम्ही दरवर्षी सांगतो. पण त्यानंतर दहा वर्षे चाललेला दावा फारसा सांगत नाही. त्या दाव्याचे निकालपत्र प्रत्येक वकिलाने आणि प्रत्येक घर घेणाऱ्याने वाचावे. चवदार तळ्याच्या भोवती नगरपालिकेचे रस्ते, त्यापलीकडे सवर्णांची घरे. तळ्याच्या काठाच्या पट्ट्या आणि पायऱ्या पुष्कळशा त्या घरमालकांच्याच. त्यांचे म्हणणे काय होते? की आमची घरे भोवती आहेत, वहिवाट आमची आहे, म्हणून तळे आमचे. बाबासाहेबांचे म्हणणे, तळे नगरपालिकेचे आहे, म्हणून सर्वांचे. विधिमंडळाने 1923 मध्ये बोले ठराव केला होता, महाड नगरपालिकेने 1924 मध्ये त्याप्रमाणे तळे खुले केले होते. तरी डिसेंबर 1927 च्या परिषदेच्या तोंडावर मनाई हुकूम आलाच. अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला. सवर्णांना आपली अनादी वहिवाट सिद्ध करता आली नाही.

भोवती घर असणे म्हणजे मालकी नव्हे, हा त्या दाव्याचा गाभा. आज तोच दावा उलट्या दिशेने चालला आहे. तेव्हा सार्वजनिक तळे खासगी ठरवण्याचा प्रयत्न झाला आणि तो फसला. आता बाग मुळातच खासगी बांधली जाते, भोवती भिंत, दारात वॉचमन, आणि दावा करण्याची गरजच उरत नाही.

आमच्या भागातल्या एका सोसायटीत आम्ही एका कामानिमित्त गेलो होतो. तिथे चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई आपल्या मुलाला शाळेला सुटी म्हणून सोबत घेऊन आली होती. पोरगे घसरगुंडीवर चढले. वॉचमनने उतरवले. वॉचमनही आपलाच, मराठवाड्यातून आलेला. "साहेब, कमिटीचा नियम आहे," तो आमच्याकडे न बघता म्हणाला. आम्ही वकील, आमच्या डोक्यात लगेच संविधानाचे कलम 15(2) आले. शासनाच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः चालवलेली किंवा सर्व जनतेसाठी अर्पण केलेली विहीर, तलाव, स्नानघाट, रस्ता, सार्वजनिक वावराची जागा, तिथे जातीच्या कारणाने कोणालाही अडवता येत नाही. महाडचे पाणीच त्या कलमात उतरले आहे. पण ती घसरगुंडी शासनाच्या पैशाची नव्हती. ती मेंटेनन्सच्या पैशाची होती. पोरगे मुकाट्याने उतरले, आम्हीही मुकाट्याने लिफ्टकडे गेलो. ते गप्प राहणे अजून टोचते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की घर घेताना सोसायटीच्या बागेला भुलू नका, महानगरपालिकेची बाग किती अंतरावर आहे ते बघा, आणि नसेल तर ती मागा. खारघरचेच उदाहरण घ्या. सिडकोने तिथे 2010 मध्ये सेंट्रल पार्क खुले केले. आज मेट्रोचे एक स्थानकही त्या नावाचे आहे. तिथे संध्याकाळी टॉवरमधले निवृत्त अधिकारी फिरतात आणि नाक्यावरच्या मजुरांची पोरेही पळतात. भोवतालच्या घरांच्या जाहिराती त्या बागेचे नाव घेतात हे खरे, पण बाग सर्वांची राहिली. विकत मिळणारी बाग आणि हक्काची बाग यांत हा फरक आहे.

अर्थात त्या हिरवळीखाली काय आहे तेही बोलले पाहिजे. नवी मुंबईसाठी ठाणे-रायगडच्या 95 गावांची जमीन 1970 पासून घेतली गेली. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के भूखंडांची वाट मोकळी झाली. पण भूखंड मिळाला तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. जो दुसऱ्याच्या शेतात, मिठागरात राबत होता, ज्याची वस्ती गावाबाहेर होती आणि सातबारा ज्याने कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्याला काय मिळाले? आणि बौद्धवाड्या, आदिवासी वाड्यांतली किती नावे त्या सातबाऱ्यांवर होती?

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचीही कथा काही वेगळी नाही. तिथे पश्चिम बाजूला सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती, 1825 पासून कृष्णवर्णीयांनी स्वतः जमीन विकत घेऊन वसवलेली. घरे, चर्च, शाळा. त्या काळी त्या राज्यात काळ्या माणसाला मतदानासाठी 250 डॉलरची मालमत्ता लागत असे, म्हणून तिथले घर म्हणजे मताचा अधिकारही होता. 1857 पर्यंत ती वस्ती उठवली गेली आणि वर बाग झाली. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते त्या बागेपासून फार दूर नाही.

आता थोडे आमच्याच माणसांना न रुचणारे. बागेच्या भूखंडावर हॉल हवा, समाजमंदिर हवे, विहार हवा, असे अर्ज आमच्याही वस्त्यांतून जातात. एका अर्जावर काही वर्षांपूर्वी आम्हीच सही केली होती. ती चूक होती. 29 सप्टेंबर 2009 च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, उद्याने यांवर धर्माच्या नावाने नवे अनधिकृत बांधकाम होऊ न देण्यास बजावले आहे. पण आदेश नसता तरी ती चूकच होती. आज आम्ही एक कोपरा मागितला, की उद्या बाकीचे तीन कोपरे कोण मागणार हे सांगायला हवे काय? विहारासाठी स्वतंत्र भूखंड मागा, तो हक्काने मागा. बंगळुरूच्या एका वसाहतीत बागेची जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा तिथले रहिवासी न्यायालयात गेले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले. बागेसाठी भांडण्याचा अधिकार रहिवाशाला आहे हे त्या मुद्दप्पा प्रकरणाने पक्के केले. रुग्णालयासारख्या चांगल्या कामासाठी जी मोडता आली नाही, ती बाग आम्ही का मोडावी? आणि 6 डिसेंबरला गावोगावहून येणारी आपली माणसे शिवाजी पार्कच्या ज्या मैदानात विसावतात, ते मैदान कोणी तरी मोकळे ठेवले म्हणूनच आहे ना?

त्या जोडप्याला आम्ही तीन गोष्टी सांगितल्या. बागेचे जादा पैसे कबूल करू नका. नकाशा करारनाम्याला जोडल्याशिवाय सही करू नका. आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका, ती मागणेच बेकायदा आहे. त्या आरक्षणाचे पुढे काय झाले, मालकाने 127 ची नोटीस दिली आहे का, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज त्या भगिनीने आमच्याच टेबलावर, आपल्या हाताने लिहिला. उत्तराला कायद्याने 30 दिवस आहेत. बिल्डरने बुकिंगला 15 दिवस दिले आहेत आणि त्याचा माणूस रोज फोन करतो. मुलगी तोवर आमच्या कार्यालयाच्या जिन्यात खेळत होती.