गोठूनही न मरणारी अळी

शिक्षकांच्या एका शिबिरात अन्न टिकवण्याच्या पद्धतींवर बोलत होतो. मीठ लावणे, वाळवणे, धुरी देणे, गोठवणे अशी यादी फळ्यावर झाली, तेव्हा एका बाईंनी विचारले, "गोठवल्यावर त्यातले सगळे जीव मरतातच ना?" बऱ्याच जणांनी होकारार्थी माना हलवल्या. खरे तर याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. बर्फाच्या कप्प्यात गोठलेले दही बाहेर काढून कोमट दुधात घातले, तरी विरजण लागते. म्हणजे जिवाणू मेलेले नव्हते, त्यांचे काम फक्त थांबले होते. परंतु बाईंचा पुढचा प्रश्न अधिक नेमका होता : "जिवाणूंचे ठीक आहे. पण एखादी अळी, एखादा किडा? तो तर मरेल?"

या प्रश्नाचे उत्तर उत्तर अमेरिकेतल्या एका कुटुंबाला फार त्रासातून मिळाले.

मे २०२२ मध्ये कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या उत्तर भागात या कुटुंबातल्या एकाने काळ्या अस्वलाची शिकार केली. शिकारीची व्यवस्था करणाऱ्याच्या सल्ल्यानुसार मांस घरच्या फ्रीजरमध्ये ४५ दिवस गोठवून ठेवले. नंतर अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात नातेवाईक जमले, तेव्हा ते बाहेर काढून भाज्यांबरोबर सळईवर भाजले. मांसाचा रंग मुळातच गडद असल्याने ते शिजले की नाही हे समजेना. काहींनी खायला सुरुवात केल्यावर आत कच्चे असल्याचे ध्यानात आले आणि मग ते पुन्हा भाजण्यात आले. पुढे त्यांतले सहा जण आजारी पडले आणि तिघांना रुग्णालयात ठेवावे लागले. ताप, डोळ्यांभोवती सूज, स्नायूंत तीव्र वेदना अशी लक्षणे होती. सहांपैकी दोघांनी तर मांस खाल्लेच नव्हते, फक्त त्याच्यासोबत भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. उरलेले मांस तपासले तेव्हा ते ११० दिवस गोठलेले होते, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या सापडल्या.

ही अळी ट्रिकिनेला नावाच्या गोलकृमीची. तिचा शोध एका विद्यार्थ्याने लावला, हे वर्गात आवर्जून सांगावे असे आहे. १८३५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शवविच्छेदन पाहत होता. प्रेताच्या स्नायूंत पांढरे, कठीण ठिपके दिसत होते. असे ठिपके इतरांनीही पूर्वी पाहिले होते. त्यांनी शस्त्राची धार बोथट होते एवढीच त्यांची तक्रार असे. पॅजेटने मात्र ठिपका भिंगाखाली धरला, आणि आत वेटोळे करून बसलेली अळी दिसली. रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन करून नाव दिले. पण ती माणसाला मारूही शकते हे कळायला १८६० साल उजाडले. त्या वर्षी ड्रेस्डेन येथे फ्रीडरिख झेंकर यांनी विषमज्वराने गेली असे समजल्या गेलेल्या एका तरुणीच्या स्नायूंत या अळ्या पाहिल्या आणि त्यांचा माग डुकराच्या मांसापर्यंत नेला.

अळीचा जीवनक्रम थोडक्यात असा. अळ्या असलेले मांस खाल्ले की जठरातील आम्ल आणि पेप्सिन मांस पचवतात व अळ्या मोकळ्या होतात. लहान आतड्याच्या अस्तरात त्या दोन दिवसांत प्रौढ होतात. मादी अंडी घालत नाही, थेट अळ्यांना जन्म देते. या नव्या अळ्या लसिका आणि रक्तावाटे शरीरभर पसरतात आणि आपल्या हुकमतीत चालणाऱ्या स्नायूंत शिरतात. जीभ, जबडा, श्वासपटल आणि डोळे फिरवणारे स्नायू ही त्यांची आवडती ठिकाणे. स्नायूतंतूत शिरलेली अळी त्याला मारत नाही, त्याचे रूपांतर स्वतःला पोसणाऱ्या पेशीत करते. तिच्याभोवती कोलॅजेनचे आवरण येते, बाहेरून सूक्ष्म रक्तवाहिन्यांची जाळी होते, आणि सुमारे एक मिलिमीटर लांबीची ती अळी आत वाट पाहत बसते. कशाची? या प्राण्याला दुसरा कोणी खाईल याची.

इथे अस्वल येते. काळे अस्वल गवत, कोवळे कोंब, बेरी, मुंग्या, मेलेले प्राणी असे जे मिळेल ते खाते. उत्तरेकडे पाच-सात महिने ते गुहेत अन्नपाण्यावाचून काढते. या काळात त्याचे तापमान फार उतरत नाही, ३० ते ३६ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहते, पण चयापचय मात्र नेहमीच्या सुमारे पावपट होतो. एप्रिल-मेमध्ये ते बाहेर येते, तेव्हा कातडीखालची चरबी बरीच वापरली गेलेली असते आणि ते उघड्या गवताळ जागी चरताना सहज दिसते. वसंतातली शिकार होते ती याच दिवसांत. नर आधी बाहेर येतात, पिल्लांच्या माद्या नंतर, म्हणून हा हंगाम नरांपुरता राहतो असे त्याचे समर्थक म्हणतात. विरोधकांचे म्हणणे असे, की दुरून मादी ओळखण्यात चूक होते आणि हिवाळ्यात जन्मलेली पिल्ले पोरकी होतात. हा वाद जुना आहे. कोलोरॅडो राज्यात १९९२ च्या जनमतानंतर हा हंगाम बंद झाला. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने तो १९९९ मध्ये बंद केला आणि २०१४ पासून प्रायोगिक स्वरूपात परत आणला. मला स्वतःला विरोधकांचे म्हणणे पटते. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अस्वलाच्या शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.) मात्र तेथे हे मांस खाण्यासाठी वापरले जाते, हेही खरे. अलास्काच्या बऱ्याच भागांत वसंतात मारलेल्या काळ्या अस्वलाचे मांस जंगलात टाकून देणे हा गुन्हा आहे.

शिकार झाल्यावर पहिली घाई असते मांस थंड करण्याची. दाट केस आणि चरबी हे उत्तम उष्णतारोधक. जी व्यवस्था जिवंत अस्वलाला हिवाळ्यात तारते, तीच मेल्यावर शरीरातली उष्णता कोंडून ठेवते आणि मांस नासते. म्हणून कातडी लगेच काढतात, मोठे तुकडे करून हवेशीर, थंड जागी टांगतात. चरबी लवकर खवट होते, ती कापून काढतात. मांस चिवट असल्याने मंद आचेवर तासन्‌तास शिजवायची जुनी पद्धत आहे. त्याने कोलॅजेनचे जिलेटिन होऊन मांस मऊ पडते. हीच पद्धत अळीच्या बाबतीतही सुरक्षित. धोका आहे तो सळईवर झटपट भाजण्यात, आणि खारवून, वाळवून किंवा धुरी देऊन खाण्यात. मायक्रोवेव्हमध्येही उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही.

मग गोठवण्याचा सल्ला आला कोठून? डुकराच्या मांसावरून. त्यात आढळणारी ट्रिकिनेला स्पायरॅलिस ही जात खरोखरच थंडीला बळी पडते. १५ सेंटिमीटरपेक्षा पातळ तुकडे उणे १५ अंशांवर २० दिवस ठेवले की तिच्या अळ्या मरतात. साउथ डकोटातल्या मांसात होती ट्रिकिनेला नेटिव्हा, उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात राहणारी जात. तिच्या परिस्थितीचा विचार करा. तिचा यजमान, समजा एखादा कोल्हा, हिवाळ्यात बर्फात मरून पडतो. त्याचे शव महिनोन्‌महिने गोठून राहते आणि मग कधीतरी अस्वल किंवा दुसरा कोल्हा ते खातो. ज्या अळ्या गोठून मेल्या त्यांचा वंश तेथेच संपला. ज्या टिकल्या त्यांचाच पुढे चालला. हजारो पिढ्यांच्या या चाळणीतून निघालेल्या अळीपुढे घरच्या फ्रीजरचे उणे १८ अंश म्हणजे काय! एक गंमत अशी, की हीच अळी डुकराच्या स्नायूत असेल तर थंडीत लवकर मरते, अस्वलाच्या किंवा कोल्ह्याच्या स्नायूत असेल तर दीर्घकाळ टिकते. म्हणजे सहनशक्ती एकट्या अळीची नाही, यजमानाच्या स्नायूचाही त्यात वाटा आहे.

उष्णतेपुढे मात्र दोन्ही जाती सारख्याच. मांसाच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सियस तापमान पोचले की अळी मरते. अट आहे ती 'मध्यभागी' या शब्दाची. रंग पाहून हे ठरत नाही, तापमापी खुपसूनच पाहावे लागते.

हे वर्गात दाखवायला मांस लागत नाही, बटाटा पुरतो. एक लहान आणि एक त्याच्या दुप्पट जाडीचा बटाटा घ्या. दोन्ही एकाच वेळी उकळत्या पाण्यात टाका. दहा मिनिटांनी चिमट्याने बाहेर काढा, मधोमध सुईने भोक पाडा आणि प्रयोगशाळेतली ११० अंशांची तापमापी हलकेच आत सरकवा. (तापाची तापमापी वापरू नका, ती फुटेल.) विद्यार्थ्यांना आधी दोन्हींच्या सालीकडे पाहून अंदाज लिहायला सांगा. साल दोन्हींची सारखीच दिसेल. उष्णता आत झिरपायला लागणारा वेळ साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट जाडीला सुमारे चौपट वेळ. आमच्या शिबिरात प्रश्न विचारणाऱ्या बाईंनीच मोठ्या बटाट्यात तापमापी घातली. पारा ७४ च्या बराच खाली थांबला, आणि त्यांनी तो बटाटा पुन्हा पातेल्यात टाकला.