कुळगावची मुले आणि नाक्यावरचा दादा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर ही तीन नगरे मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर पाठोपाठ वसलेली असली, तरी त्यांची घडण सर्वस्वी निरनिराळी आहे. फाळणीनंतर आलेल्या सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आसरा मिळाला आणि 1949 साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. अंबरनाथ कारखान्यांवर वाढले. कुळगाव मात्र मुंबईत घर परवडेनासे झालेल्या कुटुंबांनी भरले. 2001 च्या शिरगणतीत कुळगाव-बदलापूरची वस्ती 98 हजारांच्या आसपास होती, ती दहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या घरात गेली. अशा नगरात खरेदीखत करून घर मिळते. शेजार मिळत नाही. आईबाप पहाटेची लोकल धरतात आणि रात्री परततात, आणि शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हाक मारणारे वडीलधारे माणूस उरत नाही.

ही जागा नाक्यावरचा दादा भरून काढतो. तो मुलाला नावाने ओळखतो, वडापाव खाऊ घालतो, मोटारसायकलवर मागे बसवतो, वाढदिवसाच्या फलकावर त्याचे छायाचित्र छापवून घेतो; आणि पुष्कळ दिवसांनी, अगदी सहज, एखादे पुडके ठेवायला देतो. कायद्याने हा व्यवहार ओळखला आहे. 2015 च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम 83 प्रमाणे बेकायदेशीर कामासाठी मुलांना वापरणाऱ्या प्रौढास अथवा टोळीस सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. परंतु कलम लागू होईतो मूल टोळीचे झालेले असते. तीच गत तडीपारीची. 1951 च्या पोलीस कायद्यात टोळ्या पांगविण्याची तजवीज आहे. पण हद्दपारीची मुदत संपवून परतलेल्या इसमाकडे वस्तीतली पोरे भयापेक्षा आदरानेच अधिक पाहतात, आणि सरकारी दफ्तरातला तो शेरा त्याच्या नावामागे पदवीसारखा मिरवू लागतो.

फ्रेडरिक थ्रॅशर या अभ्यासकाने 1927 साली शिकागोतील 1313 टोळ्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात त्याने दाखविले की टोळ्या शहराच्या सांध्यांत उगवतात: जिथे जुनी व्यवस्था मोडली आहे आणि नवी बसलेली नाही, अशा पट्ट्यांत. पुढे त्याच शहरात क्लिफर्ड शॉ यांनी 1934 च्या सुमारास आरंभिलेल्या कार्यात मुलांमध्ये वावरण्यासाठी बाहेरचे पंडित न आणता त्या वस्तीतलीच माणसे नेमली. मुंबईला हा विचार अपरिचित नव्हता; क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्यात चालविलेल्या नेबरहूड हाउसमध्येच 1936 साली समाजकार्याचे ते विद्यालय निघाले, ज्याची आजची टाटा समाजविज्ञान संस्था झाली.

सांधा मोडला म्हणजे काय होते, हे आपल्याला मुंबईच्या गिरणगावाने दाखविले आहे. त्या चाळींत व्यायामशाळा होत्या, कबड्डीचे संघ होते, भजनी मंडळे होती, आणि त्यांची वर्गणी गिरणीच्या पगारातून येत असे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप कधी रीतसर मिटला नाही, पगार थांबले, आणि मुलांवर नजर ठेवणारी ही सारी मंडळी एकेक करून निस्तेज झाली. त्यानंतर टोळ्यांना चाळीचाळीतून पोरे मिळाली, यात आश्चर्य नाही. त्या मुलांना जात्याच गुन्हेगार म्हणणाऱ्यांचे मत मला अन्यायाचे वाटते.

याउलट नागपूरचा दाखला पाहावा. हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली मुले पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि त्यांच्या हाती खरा चेंडू दिला. 2001 पासून वाढत गेलेल्या या कामात झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरली तेव्हा 128 संघ उतरले. पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने ते देशभर पसरले आणि 2016 साली फिफाने त्याचा गौरव केला. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटाने ही कथा घराघरांत नेली. माझ्या मते मात्र तिचे मर्म चषकांत नसून हजेरीत आहे: मैदानावर रोज एक प्रौढ मनुष्य ठराविक वेळी उभा असतो, कोण आला नाही हे त्याला कळते, आणि तो चौकशीला घरी जातो. शिवाय काल खेळलेली पोरे आज प्रशिक्षक होतात, म्हणजे दादाच्या बरोबरीचा दुसरा दादा वस्तीतच तयार होतो.

कुळगावात यासाठी नवी इमारत लागत नाही. शाळांची पटांगणे सायंकाळी कुलूपबंद असतात, ती पाच ते नऊ खुली ठेवता येतील. विकास आराखड्यातील मैदानांची आरक्षणे अतिक्रमणापासून राखता येतील. आणि प्रत्येक प्रभागात त्याच वस्तीतील दोन तरुणांना नगरपरिषदेने पगारी नेमावे. मानधनाच्या तुटपुंज्या तरतुदीवर हे काम चालणार नाही, कारण असा तरुण सहा महिन्यांत नोकरी शोधत लोकलने निघून जाईल, आणि मुलांच्या आयुष्यातून आणखी एक प्रौढ वजा होईल.