बेघरांच्या वतीने

आपल्याकडे नदीला घाट बांधणाऱ्याचे नाव घाटाच्या पायरीवर कोरलेले असते, विहीर खोदवणाऱ्याचे तिच्या काठच्या दगडावर असते, आणि धर्मशाळेच्या दरवाजावरील पाटीवर देणगीदाराच्या नावाशेजारी त्याच्या मातापित्यांचे स्मरणही लिहिलेले आढळते. उपकाराची अशी नोंद ठेवण्याची रीत जुनी आहे आणि चांगलीही आहे. परंतु तिच्यासाठी आधी एक गोष्ट हाताशी असावी लागते, ती म्हणजे दगड रोवण्यापुरती स्वतःची जमीन. ज्याचे गाव सरहद्दीपलीकडे राहिले, ज्याच्या शेताच्या उताऱ्यावर आता दुसऱ्याच कुणाचे नाव चढले, आणि जो आज या छावणीत तर उद्या कोठे हे ज्याचे त्यालाच ठाऊक नाही, त्याने आपल्या उपकारकर्त्याचे नाव कोठे कोरावे? निर्वासितांसाठी आयुष्य वेचणाऱ्यांचा गौरव करणे हे म्हणूनच, ज्यांना घर आहे अशांनी बेघरांच्या वतीने पार पाडावयाचे कर्तव्य आहे, असे मी मानतो. जगाने ते काही अंशी पाळले आहे. आपण ते कितपत पाळले, याचा विचार या लेखात पुढे येईल.

या क्षेत्रातील सर्वश्रेष्ठ समजला जाणारा सन्मान नॉर्वेच्या फ्रित्योफ नान्सेन यांच्या नावाने दिला जातो. १८६१ साली जन्मलेले नान्सेन पेशाने प्राणिशास्त्रज्ञ आणि वृत्तीने साहसी प्रवासी होते. १८८८ साली त्यांनी ग्रीनलंडचा हिमप्रदेश ओलांडला. १८९३ मध्ये ‘फ्राम’ नावाचे मजबूत जहाज मुद्दाम उत्तरेच्या बर्फात अडकवून घेऊन ते ध्रुवाच्या दिशेने वाहत निघाले, आणि पुढे जहाज सोडून एका सोबत्यासह पायी चालत जेथवर तोपर्यंत कोणी मनुष्य गेला नव्हता तेथवर जाऊन आले. परतीच्या वाटेवर त्या दोघांनी एका निर्जन बेटावर दगडांची झोपडी रचून, तिच्यावर समुद्रप्राण्यांची कातडी अंथरून, अख्खा हिवाळा काढला. घर नसणे म्हणजे काय, पुढची वाट बंद असणे म्हणजे काय, हे या माणसाने पुस्तकात वाचले नव्हते, अंगावर सोसले होते. त्यांच्या उत्तरायुष्यातील कामाचे मूळ त्या झोपडीत असावे, असे मला राहून राहून वाटते.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा लक्षावधी युद्धकैदी परमुलखात खितपत पडले होते. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने त्यांना मायदेशी पोहोचवण्याची जबाबदारी नान्सेन यांच्यावर सोपवली, आणि खजिना जवळजवळ रिकामा असताना, परस्परांचे तोंड न पाहणाऱ्या सरकारांकडून आगगाड्या आणि जहाजे मिळवून, त्यांनी सुमारे दोन वर्षांत सव्वाचार लाखांहून अधिक कैदी घरोघर पोहोचवले. तेवढ्यात दुसरे संकट उभे राहिले. क्रांती आणि यादवी यांमुळे रशियातून बाहेर पडलेली लाखो माणसे युरोपभर विखुरली होती, आणि १९२१ च्या अखेरीस सोव्हिएत सरकारने अशा परागंदांचे नागरिकत्वच रद्द करून टाकले.

निर्वासिताची पहिली गरज अन्नाची, हे कोणीही सांगेल; त्याची दुसरी गरज कागदाची, हे नान्सेन यांनी ओळखले, आणि त्यांच्या थोरवीचा खरा पाया मला येथे दिसतो. ज्याच्याजवळ कोणत्याच राज्याचा दाखला नाही त्याला हद्द ओलांडता येत नाही, नोकरी मिळत नाही, भाड्याची खोली मिळणे मुश्कील होते. तो देहाने जिवंत असतो, पण सरकारदप्तरी नसतो. १९२२ च्या जुलै महिन्यात जिनेव्हा येथे भरलेल्या परिषदेत नान्सेन यांनी अशा लोकांसाठी एका ओळखपत्राची योजना मंजूर करून घेतली. मराठेशाहीत रहदारीसाठी दस्तक देत असत. हेही एका अर्थाने दस्तकच होते, मात्र ते कोणा एका राज्याच्या शिक्क्याने चालणारे नव्हते, अनेक राज्यांनी एकमेकांच्या विश्वासावर मान्य केलेले होते. लोक त्याला ‘नान्सेन पारपत्र’ म्हणू लागले. पुढे पन्नासांहून अधिक सरकारांनी ते मान्य केले, रशियनांपाठोपाठ १९२४ मध्ये आर्मेनियन निर्वासितांनाही ते मिळू लागले, आणि एकंदर सुमारे साडेचार लाख माणसांच्या हाती ते पडले. चित्रकार मार्क शागाल, संगीतकार इगोर स्त्राविन्स्की, कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्ह हे त्यांपैकीच. या पारपत्राने नागरिकत्व मिळत नसे, कित्येक हक्कही मिळत नसत. तथापि ज्याचे नाव कोणत्याच वहीत नव्हते त्याचे नाव एका कागदावर, छायाचित्रासह आणि मोहोरेसह, पुन्हा लिहिले गेले.

नान्सेन यांचे सगळेच निर्णय निर्दोष होते असे म्हणता येणार नाही. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधील लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीला त्यांनी पाठिंबा दिला, आणि त्या करारामुळे पंधरा लाखांहून अधिक माणसांना धर्माच्या आधारावर आपली पिढीजात गावे कायमची सोडावी लागली. फाळणी पाहिलेल्या आपल्या देशाला त्या यातनेचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु याच माणसाने १९२१ मध्ये राष्ट्रसंघाच्या सभेपुढे उभे राहून रशियातील दुष्काळग्रस्तांसाठी कर्जाची याचना केली, ती नामंजूर झाल्यावर लोकांकडून पैसा उभा केला, आणि १९२२ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले तेव्हा त्याची रक्कमही मदतकार्यालाच दिली. १३ मे १९३० रोजी ते वारले, तेव्हाही निर्वासितांचे काम त्यांच्याच शिरावर होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी निर्वासितांसाठी उच्चायुक्ताचे कार्यालय स्थापन केले, आणि त्याचे पहिले उच्चायुक्त फान हूवेन हूडहार्ट यांनी १९५४ मध्ये नान्सेन पदक सुरू केले. हे गृहस्थ स्वतः युद्धकाळात नाझींच्या ताब्यातील हॉलंडमधून निसटून लंडनला पोहोचलेले होते. म्हणजे या पदकाचा जन्मही एका परागंद माणसाच्या हातूनच झाला. पहिले पदक एलिनोर रूझवेल्ट यांना देण्यात आले. पुढील यादीत राजेराण्या आहेत, राष्ट्रप्रमुख आहेत, विख्यात गायकही आहे. सत्ताधाऱ्याने दार उघडले तर हजारोंचे प्राण वाचतात, म्हणून त्यांचा सन्मान अयोग्य नव्हे. पण या पदकाचे तेज मला तंबूत राहून काम करणाऱ्यांच्या हाती अधिक दिसते.

अकीला आसिफी यांचेच पाहावे. काबूलमधील ही शिक्षिका १९९२ मध्ये कुटुंबासह पळून पाकिस्तानी पंजाबातील मियांवाली जिल्ह्यात कोट चंदना या निर्वासित वस्तीत आली. मुलींना शिकवण्याची तेथे प्रथाच नव्हती, शाळा तर नव्हतीच. अकीलाबाईंनी घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी केली, मागून आणलेल्या एका तंबूत मोजक्या मुलींना घेऊन वर्ग भरवला, आणि छापील पुस्तकांच्या अभावी रात्री जागून धडे हाताने लिहून काढले. त्या स्वतः निर्वासित होत्या आणि दुसऱ्या निर्वासितांना शिकवत होत्या. २०१५ मध्ये त्यांना नान्सेन पुरस्कार मिळाला तोवर हजाराहून अधिक मुली त्यांच्या शाळेतून आठवीपर्यंत शिकून बाहेर पडल्या होत्या. दोन दशकांहून अधिक काळ, जेथे परत जाण्याची आशा दरवर्षी पुढे ढकलली जाते अशा ठिकाणी, रोज सकाळी वर्ग उघडणे ही काय चीज आहे, हे ज्याने एक वर्षभर जरी शाळा चालवली असेल त्याला कळेल. संकटाच्या पहिल्या आठवड्यात धावून जाणारे पुष्कळ असतात, आणि तेही वंदनीयच. वर्तमानपत्रांतून ती बातमी नाहीशी झाल्यानंतर जे तेथेच राहतात त्यांची संख्या फार थोडी असते, आणि पदके मुख्यतः त्यांच्यासाठी असावीत.

आता आपल्या घराकडे वळू. कोल्हापूरजवळचे वळिवडे हे गाव पुष्कळांना आगगाडीच्या खिडकीतून दिसलेले एक लहानसे स्थानक म्हणून ठाऊक असेल. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, आणि त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने ही कुटुंबे पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे नेली होती. जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यावर त्यांची मुक्तता झाली, आणि उपासमार व रोगराई यांतून वाचलेली माणसे इराणमार्गे कराची बंदरात, आणि तेथून पंचगंगेच्या खोऱ्यात येऊन पोहोचली. बराकींच्या त्या वस्तीत त्यांनी शाळा, चर्च, दवाखाना आणि नाट्यगृह उभे केले, आणि पाच वर्षे पोलंडचे एक गावच करवीरच्या भूमीवर नांदले.

त्याआधी, १९४२ मध्ये, काठेवाडात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांच्या छावणीसाठी जागा दिली होती. ती मुले त्यांना बापू म्हणत. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूतांच्या पत्नी कीरा बानासिन्स्का यांनी रेडक्रॉसच्या वतीने या सर्व मुलांच्या सुटकेसाठी आणि संगोपनासाठी अपार खटपट केली, आणि युद्धानंतर आपल्या देशात परकी राजवट आलेली पाहून त्या भारतातच राहिल्या. वांदा डिनोव्स्का या दुसऱ्या पोलिश विदुषी त्याआधीच, १९३५ मध्ये, भारतात आल्या होत्या. गांधीजींनी त्यांना उमादेवी हे नाव दिले. आणि १९५९ मध्ये दलाई लामांच्या मागोमाग तिबेटी लोक हिमालय उतरून आले तेव्हा सत्तरीच्या घरात असलेल्या उमादेवींनी उरलेले आयुष्य त्यांच्या मुलांसाठी दिले. १९७१ मध्ये म्हैसूर येथे त्यांचा अंत झाला. त्यांचे सहकारी मॉरिस फ्रीडमन यांचे नाव मराठी वाचकाला अधिक परिचयाचे असावयास हवे, कारण औंध संस्थानच्या लोकराज्याच्या घटनेच्या सिद्धतेत त्यांचा वाटा होता, आणि निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत नेऊन जगापुढे ठेवणारेही तेच. तिबेटी निर्वासितांच्या वसाहती भारतात उभ्या राहाव्यात यासाठी याच फ्रीडमन यांनी झटून काम केले, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

पोलंडमध्ये १९८९ पर्यंत कम्युनिस्ट सत्ता होती, आणि सायबेरियाला झालेल्या हद्दपारीचा उच्चार तेथे उघडपणे करता येत नव्हता. त्यामुळे ज्यांना कृतज्ञता व्यक्त करावयाची होती त्यांना आपल्याच देशात चाळीसेक वर्षे थांबावे लागले. बोलण्याची मोकळीक मिळताच त्यांनी ती व्यक्त केली. वॉर्सामध्ये आज एका चौकाला ‘भल्या महाराजां’चे नाव आहे, एक शाळा जामसाहेबांच्या नावाने ओळखली जाते, आणि कोल्हापूरच्या नावाचे स्मारकही त्याच शहरात आहे. कोल्हापुरात महावीर उद्यानात एक स्मृतिस्तंभ आहे, तोही प्रथम सुचला तो येथून गेलेल्यांनाच. पाहुण्यांना आपला मुक्काम आठवला आणि यजमानांना त्याचा विसर पडला, असे झाले.

वळिवड्याची हकिकत येथे संपत नाही. पोलिश मंडळी निघून गेली त्याच सुमारास फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबे महाराष्ट्रात येत होती, आणि त्यांतील कित्येकांना वळिवड्याच्या याच बराकींत आसरा मिळाला. त्या वस्तीचे नाव गांधीनगर झाले. आज कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी सबंध दक्षिण महाराष्ट्रात प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. एका निर्वासिताने रिकाम्या केलेल्या खोलीत दुसरा निर्वासित उतरला, आणि त्या खोलीचे पुढे दुकान झाले. या दोन्ही वेळी अर्ज लिहून देणारे, शिधा वाटणारे, आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचवणारे हात कोणाचे होते, याची संगतवार नोंद आपण ठेवलेली नाही. ज्यांनी ते हात पाहिले अशी माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत. कोल्हापूरच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन गांधीनगरच्या आणि वळिवड्याच्या वृद्धांकडे जावे, आणि त्यांना आठवतील ती नावे उतरवून घ्यावीत. हे काम या एकदोन वर्षांत झाले तर होईल.

विलंबाचे मोल काय असते, हे अलीकडच्या एका उदाहरणावरून दिसते. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली, आणि सरहद्दीवरील छावण्यांत पटकीची साथ पसरली. बनगावच्या लहानशा रुग्णालयात जमिनीवर पडलेल्या रोग्यांना शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचे प्रमाणबद्ध मिश्रण पिंपांतील पाण्यात कालवून रोग्यांच्या नातलगांच्या हाती पेले दिले आणि ते पाजत राहण्यास सांगितले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. आज आपल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी सर्वमान्य झाली ती मुख्यतः या अनुभवाच्या बळावर. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण जाहीर केले ते २५ जानेवारी २०२३ रोजी. डॉक्टर १६ ऑक्टोबर २०२२ रोजीच निवर्तले होते.