एकच निरोप, दोनदा

रेल्वे स्टेशनच्या उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलाशी एक बाई आणि एक पुरुष बसले आहेत. काउंटरमागची मर्टल आणि तिकीट तपासनीस अल्बर्ट यांची थट्टामस्करी चालली आहे आणि आपलं लक्ष तिकडेच जातं. तेवढ्यात डॉली नावाची एक बडबडी ओळखीची बाई आत येते आणि त्या दोघांच्या टेबलाशी ठाण मांडते. पुरुषाच्या गाडीची वेळ होते. तो उठतो, शेजारच्या बाईच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो आणि निघून जातो. बघणाऱ्याला यात वावगं काही दिसत नाही.

डेव्हिड लीन यांचा ‘ब्रीफ एन्काउंटर’ (1945) असा सुरू होतो. खरं तर हा गोष्टीचा शेवट आहे. लॉरा आणि डॉक्टर अॅलेक या दोन संसारी माणसांची ही शेवटची भेट. तासाभराने हाच प्रसंग पुन्हा येतो तेव्हा तोच हात बघताना घशात आवंढा येतो. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर मूळ एकांकिकेपासून सुरुवात करायला हवी.

नोएल कॉवर्ड यांची ‘स्टिल लाइफ’ 1936 साली लंडनच्या रंगभूमीवर आली. अॅलेकचं काम स्वतः कॉवर्ड करत, लॉराचं गर्ट्रूड लॉरेन्स. प्रवेश पाच, नेपथ्य मात्र एकच: मिलफर्ड जंक्शनचं उपाहारगृह. लॉराच्या डोळ्यात कचरा जातो, अॅलेक तो काढतो, ओळख होते आणि वर्षभरात सगळं संपतं. पण दोघांच्या जवळिकीचा बराचसा भाग दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात घडतो. प्रेक्षकाला फक्त चहाच्या टेबलावरचं बोलणं ऐकू येतं आणि बाकीचं त्याने त्यावरून ताडायचं.

चित्रपट करताना पहिलं काम सोपं होतं. दार उघडायचं आणि पात्रांना बाहेर न्यायचं. दर गुरुवारी लॉरा खरेदीसाठी गावात येते, वाचनालयातलं पुस्तक बदलते. अॅलेक त्याच दिवशी तिथल्या इस्पितळात काम करतो. मग हॉटेलातलं जेवण, सिनेमा, नौकाविहार, मित्राचा रिकामा फ्लॅट हे सगळं पडद्यावर आलं. (मित्राच्या फ्लॅटचा तो प्रसंग बिली वाइल्डर यांच्या डोक्यात राहिला आणि पुढे त्यातून त्यांचा ‘द अपार्टमेंट’ निघाला.) फलाटावरची दृश्यं 1945च्या फेब्रुवारीत, युद्ध चालू असतानाच, उत्तर इंग्लंडमधल्या कार्नफोर्थ स्टेशनवर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात चित्रित झाली. लंडनपासून इतकं दूर जाण्याचं कारण व्यवहारी होतं: हवाई हल्ल्याची सूचना आलीच, तर दिवे मालवायला तिथे वेळ मिळणार होता. उपाहारगृह मात्र स्टुडिओत उभारलं होतं.

पण नुसत्या जागा वाढवून नाटकाचा चित्रपट होत नाही. दुसरं काम अवघड होतं. लॉरा मनातलं कुणालाच सांगू शकत नाही, मग प्रेक्षकाला ते कळणार कसं? आपल्या जुन्या नाटकांत अशा वेळी पात्र पुढे येऊन स्वगत म्हणे. लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वगतच घेतलं, पण त्याला एक श्रोता दिला. त्यासाठी एकांकिकेत रंगमंचावर कधीच न आलेला लॉराचा नवरा, फ्रेड, त्यांनी समोर आणून बसवला. तो शब्दकोडं सोडवतो आहे, घरात रखमानिनोव्हचा दुसरा पियानो कन्चेर्टो वाजतो आहे आणि समोर बसलेली लॉरा मनातल्या मनात त्याच्याजवळ सगळी कबुली देते आहे. अख्खी गोष्ट म्हणजे ही कबुली. लॉरा झालेल्या सिलिया जॉन्सन यांचे ओठ बंद असतात, आवाज चालू असतो आणि कॅमेरा त्यांच्या मोठ्या डोळ्यांजवळ जाऊन थांबतो. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी रंगमंचावर हे करता आलं नसतं.

आता त्या निरोपाकडे परत येऊ. पहिल्या वेळी अॅलेक गेल्यावर आपण डॉलीबरोबर काउंटरपाशी राहतो. ती वळून बघते तर लॉराची खुर्ची रिकामी. एक्स्प्रेस धडधडत जाते आणि थोड्या वेळाने लॉरा पांढऱ्याफटक चेहऱ्याने परत येते. रंगमंचावर हा प्रसंग असाच दिसतो, कारण नाटकाचा प्रेक्षक विंगेपलीकडे जाऊ शकत नाही.

दुसऱ्या वेळी आपण लॉराबरोबर राहतो. डॉलीची बडबड चालूच असते. मग फ्रेम हळूहळू तिरकी होते, लॉरा उठते, फलाटाच्या कडेपर्यंत धावते. गाडीच्या खिडक्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावरून सपासप सरकत जातो. गाडी निघून जाते, फ्रेम सरळ होते. रूळांवर झोकून द्यायला ती गेली होती, हे आता कळतं. म्हणजे एकाच चित्रपटात तो शेवट आधी नाटकाच्या नजरेने दिसतो आणि मग सिनेमाच्या. कलावंत तेच, टेबल तेच. मधल्या तासाभरात फक्त आपल्याला सगळं ठाऊक झालेलं असतं.

1946च्या पहिल्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार अनेक चित्रपटांना विभागून दिला गेला. त्यात हा होता आणि आपल्याकडचा, चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ही होता.

पुन्हा कधी बघाल तेव्हा शेवटी फ्रेडकडे लक्ष ठेवा. लॉराची कबुली त्याच्यासाठी होती आणि तिचा एक शब्दही त्याच्या कानावर पडलेला नाही. तरी तो कोडं बाजूला ठेवून उठतो, तिच्याजवळ येतो आणि तू फार लांब गेली होतीस, अशा अर्थाचं काहीतरी म्हणून परत आल्याबद्दल तिचे आभार मानतो. त्याला नेमकं किती कळलं होतं, हे चित्रपट सांगत नाही. कॉवर्ड यांच्या एकांकिकेत जे काम दोन प्रवेशांमधला अंधार करत होता, ते इथे फ्रेडच्या त्या एका वाक्याने केलं आहे.