प्रतीक्षायादीचें गणित

आगगाडीची प्रतीक्षायादी पुण्यामुंबईच्या घरांना चांगली परिचित आहे. तींत प्रत्येकाला क्रमांक असतो. पुढच्याचें तिकीट रद्द झालें कीं मागचा पुढें सरकतो. अमेरिकेंतील एखाद्या महाविद्यालयानें मुलीचें नांव प्रतीक्षायादींत ठेवल्याचें पत्र धाडलें, म्हणजे आईवडील त्याचाही अर्थ तसाच लावतात. परंतु ही यादी निराळ्या जातीची आहे. पुष्कळ ठिकाणीं तींत क्रमांकच नसतो, आणि ती उघडेल कीं नाहीं हें आधीं कोणालाही सांगतां येत नाहीं.

याचें कारण साधें आहे. एक विद्यार्थी आठदहा ठिकाणीं अर्ज करतो, जातो मात्र एकाच ठिकाणीं. म्हणून महाविद्यालयें जागांपेक्षां अधिक जणांना प्रवेश देऊं करतात. समजा, जागा १००० आहेत आणि शेंकडा ४० येतील असा अंदाज आहे. तर २५०० जणांना बोलावणें जातें. उत्तराची रूढ मुदत १ मे. त्या दिवसापर्यंत शेंकडा ४२ जणांनीं होकार दिला, तर ५० जण जास्तच होतात व यादी बंदच राहते. शेंकडा ३७ जणांनींच दिला, तर ७५ जागा उरतात. त्यांसाठीं १५०० जण थांबले असल्यास विसांत एकाला जागा मिळते. दोन्ही प्रसंगीं थांबलेलीं मुलें सारखींच हुशार असूं शकतील. फरक पडतो तो इतरांच्या निर्णयामुळें.

तेथील प्रवेश-समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०१९ सालच्या अहवालाप्रमाणें, यादींत राहणें पत्करणाऱ्यांपैकीं सरासरी शेंकडा २० जणांना प्रवेश मिळाला. निम्म्याहून कमी अर्जदारांना घेणाऱ्या महाविद्यालयांत हें प्रमाण शेंकडा ७ होतें. कांहीं वर्षीं यादींतून एकालाही घेतलें नाहीं, तर कांहीं वर्षीं दोनशेंहून अधिकांना घेतलें, असें हार्वर्डनें स्वतःच सांगितलें आहे.

मग घरच्यांनीं काय करावें? प्रथम, जेथें प्रवेश मिळाला आहे तेथें मुदतींत अनामत भरून जागा पक्की करावी. पुढें यादींतून बोलावणें आल्यास ती रक्कम बहुधा बुडते. पण हातची जागा गमावण्यापेक्षां तें परवडतें. दुसरें, यादींत राहण्याची संमति कळवावी, नवे गुण धाडावेत, आणि खरोखरच निश्चय असेल तर ‘प्रवेश मिळाल्यास येईन’ असें स्पष्ट लिहावें. तिसरें, पुष्कळ महाविद्यालयें ‘कॉमन डेटा सेट’ नांवाचें वार्षिक माहितीपत्रक प्रसिद्ध करतात. किती जण यादींत थांबले व किती घेतले, हें त्यांत पाहावें. उशिरा मिळालेल्या प्रवेशाबरोबर अर्थसाह्य कमी मिळण्याचा संभव असतो, आणि आय-२० पत्र व व्हिसा यांसाठीं अवधि थोडा उरतो. त्याचा विचार घरांत आधींच व्हावा.

यादीच्या पत्रावरून मुलीच्या बुद्धीची किंमत ठरवूं नये. मिळालेल्या जागेची तयारी तिनें मे महिन्यांतच आरंभिली, तर यादी उघडली नाहीं तरी तिचें वर्ष वांयां जात नाहीं.