व्यवसायपत्रे आणि वर्गणीचे कुंपण

विहिरीचे पाणी सर्वांस खुले असले तरी विहीर खणण्यास खर्च येतोच. व्यवसायविषयक नियतकालिकांचेही तसेच आहे. माहिती मिळविणे, पडताळणे व छापणे यांचा खर्च पूर्वी वर्गणी व जाहिराती यांतून भागत असे. इंटरनेटवर मजकूर विनामूल्य देण्याची प्रथा पडली, तेव्हा सारा भार जाहिरातींवर आला. ते उत्पन्न अपुरे ठरताच अनेक प्रकाशकांनी संकेतस्थळास वर्गणीचे कुंपण घातले.

अमेरिकेतील ‘व्हरायटी’ हे १९०५ साली निघालेले मनोरंजन व्यवसायाचे पत्र. त्याने डिसेंबर २००९ मध्ये असे कुंपण घातले. परंतु त्याच बातम्या अन्यत्र विनामूल्य मिळत होत्या. २०१२ मध्ये मालकी बदलली व मार्च २०१३ मध्ये ते कुंपण काढण्यात आले. जे अन्यत्र मिळत नाही, त्यासाठीच वाचक वर्गणी भरतो, हा त्यातील बोध.

सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनास मात्र निराळा न्याय हवा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने कृषिविज्ञान व पशुविज्ञान यांवरील आपली संशोधनपत्रे २०१० मध्ये इंटरनेटवर सर्वांस खुली केली. ती इंग्रजीत असल्याने भाषेचे कुंपण उरतेच. ते दूर करणे ग्रामकार्यकर्त्यांच्या हाती आहे. त्यांनी खुले साहित्य प्रथम पाहावे, उपयुक्त भाग तज्ज्ञांकडून पडताळून मराठीत समजावून द्यावा. वर्गणीचे एखादे पत्र खरोखरच उपयोगी असेल, तर गावच्या वाचनालयाने त्याचा छापील अंक घ्यावा. एका वर्गणीत सारा गाव वाचू शकेल.