संत्र्याच्या खोडावरची अक्षरे : रोग की पाहुणा?



कळमेश्वर-काटोल भागात संत्र्याचा बगीचा म्हणजे घरातला कमावता मुलगा. त्याच्या अंगावर डाग दिसला की जीव घाबरतो. जुन्या झाडाच्या खोडावर पांढुरके, राखी चट्टे असतात. एखाद्या चट्ट्यावर कोणी बोरूने लिहिल्यासारख्या काळ्या, वाकड्यातिकड्या रेघाही दिसतात. मग रोग चढला असे वाटते आणि औषधाचा खर्च सुरू होतो. पण थांबा. आधी नीट बघा.

हे आहे तरी काय?

याला शैवाक म्हणतात. आपल्या काळ्या मसाल्यातले दगडफूल हेही शैवाकच. शैवाक म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते. शेवाळ उन्हावर अन्न तयार करते. ही भागीदारी श्वेंडनर या स्विस शास्त्रज्ञाने 1867 मध्ये मांडली.

रेघांच्या शैवाकाचे शास्त्रीय नाव ग्राफिस. हे नाव लिहिण्यावरूनच पडले. त्या रेघा म्हणजे बुरशीची फळे. त्यांत तिचे बीजाणू तयार होतात. सह्याद्रीच्या ओल्या जंगलात याचे अनेक प्रकार आहेत. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, डॉ. पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात त्यांचा अभ्यास केला.

झाडाला अपाय होतो का?

नाही. बांडगूळ झाडात मुळे घालून रस शोषते. शैवाकाला मुळेच नसतात. ते सालीच्या वरच्या, मेलेल्या थरावर राहते आणि पाऊस, दव, हवा यांवर जगते. त्याची वाढही फार सावकाश असते.

मग वाळत चाललेल्या झाडावर ते जास्त का दिसते? पाने गळून झाड विरळ झाले की खोडावर ऊन पोचते, सालीची वाढही मंदावते. शैवाकाला जागा मिळते. म्हणजे शैवाकामुळे झाड खंगत नाही. झाड खंगले म्हणून शैवाक वाढते. अशा वेळी खोड घासत बसू नका. खंगण्याचे कारण शोधा.

खरा शत्रू ओळखा

बहुतेक वेळा तो डिंक्या असतो. असे तपासा :

1. चट्टा कोरडा, सालीला घट्ट चिकटलेला, खालची साल टणक व निरोगी : हे शैवाक. सोडून द्या.
2. साल ओलसर, तडकलेली, डिंक ओघळतो, आतला भाग तपकिरी, पाने पिवळी : हा डिंक्या. ताबडतोब उपाय करा.
3. सालीवर भुसा व विष्ठेची जाळी, आत छिद्र : ही साल खाणारी अळी.

डिंक्यावर उपाय

रोगट साल धारदार चाकूने खरवडून काढा व जाळून टाका. तिथे बोर्डो मलम लावा. 1 किलो मोरचूद 5 लिटर पाण्यात आणि 1 किलो चुना 5 लिटर पाण्यात वेगवेगळा भिजवा, मग एकत्र करा. भांडी मातीची किंवा प्लॅस्टिकची घ्या. तयार मलमात लोखंडी सळई बुडवून बघा. ती तांबूस झाली तर आणखी चुना घाला. मलम त्याच दिवशी वापरा. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर सर्व झाडांच्या बुंध्याला जमिनीपासून 1 मीटरपर्यंत हे मलम लावत जा.

पाणी बुंध्याला लागू देऊ नका. त्यासाठी दुहेरी आळे करा. कलमाचा डोळा मातीत गाडला गेला असेल तर माती मागे ओढा. भारी काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचत असेल तर चर काढून द्या.

मोरचूद लागले की तिथले शैवाकही मरते, ते मेले तरी हरकत नाही. पण केवळ त्याच्यासाठी फवारणीवर पैसा घालू नका. तोच पैसा शेणखताला, चरांना आणि बुंध्याच्या मलमाला लावा. तरीही शंका राहिली तर सालीचा तुकडा आणि मुळाजवळची माती घेऊन नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत किंवा जवळच्या कृषी अधिकाऱ्यांकडे जा. आधी निदान, मग औषध.